सतरा पावलांचं घर

स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाहेरच्या दारापर्यंत सतरा पावलं. मधे टेबलाचा कोपरा आडवा येतो म्हणून तिथे जरा तिरकं व्हावं लागतं, नाहीतर सोळातच भागलं असतं. हे मोजमाप लॉकडाऊनच्या तिसऱ्या दिवशी झालं, आणि ज्याने ते केलं तो पेशाने मीटर रीडर होता. त्यामुळे आकड्यात चूक असायचा प्रश्नच नव्हता.

वीज कंपनीत एकवीस वर्षं तो हेच करत आला होता. रोज दोन-अडीचशे मीटर, म्हणजे बारा-तेरा किलोमीटर चाल आणि जिने किती ते देव जाणे. त्याची एक रीत होती. इमारतीत शिरलं की कुठेही न थांबता थेट वरचा मजला गाठायचा आणि मग एकेक दार वाचत खाली उतरायचं. नवे लोक खालून वर जात आणि चौथ्या मजल्यावर कठड्याला लटकत. हा मात्र उतरताना शीळ घालायचा. ऑफिसात त्याला भिंगरी म्हणत. बायको म्हणायची, नाव ठेवणाऱ्याला बक्षीस द्यायला हवं.

आणि एके दिवशी कंपनीचा निरोप आला की रीडिंग बंद, पुढची सूचना येईपर्यंत सगळ्यांनी घरी बसावं, आकडे सरासरीने भरले जातील. सरासरीने! एवढा अपमान त्याचा उभ्या आयुष्यात कुणी केला नव्हता.

पहिला आठवडा त्याने पंख्यांना तेलपाणी केलं, नळाचे वॉशर बदलले, बायकोच्या शिलाई मशीनचा पट्टा नीट चालत असताना काढून परत बसवला. बायको औषधांच्या दुकानासाठी मास्क शिवत होती. तिचे पाय मशीनच्या पायट्यावर दिवसभर चालत, आणि त्या पायांचाही त्याला हेवा वाटू लागला. दुसऱ्या आठवड्यात घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. मग त्याचं बिनसायला लागलं. खुर्चीत बसला की मांडी आपोआप हलायची. जेवताना घास घशाशी अडायचा. रात्री डोळा लागे ना लागे तोच छातीत धडधडून जाग यायची. कपाळाला हात लावला तर ताप नसायचा, आणि ताप नाही याचीही भीती वाटायची, कारण मग हे काय होतंय ते कळत नसे.

एका सकाळी मुलगी फोनवर शाळेचा तास करत होती. तेरा वर्षांची. पेन्सिल टेबलावर टकटक आपटायची सवय. त्याने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिच्या हातातून फोन हिसकावला आणि असा ओरडला की पलीकडे अख्खा वर्ग चिडीचूप झाला. चाळीस पोरांनी ऐकलं. मुलगी उठून तोंड धुऊन आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्यानंतर चार दिवस ती बापाशी एक अक्षर बोलली नाही. त्याला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी चिडचिड झाली.

बायकोने शेवटी आपल्या भावाला फोन लावला. तो इस्पितळात नर्स होता, त्या दिवसांत दोन मिनिटं बोलायला मिळाला तरी नशीब.

"दाजी," तो म्हणाला, "एकवीस वर्षं तुमचं शरीर रोज तेरा किलोमीटर चाललंय. ते एकदम खुंटीला टांगलंत तर डोकं बोंब मारणारच. चाला."

"कुठे चालू? जिन्यात बंदी, गच्चीला कुलूप. सेक्रेटरींनी नोटीस लावलीय."

"घरात चाला. सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी चाळीस. औषध समजा. नागा नाही करायचा."

माणसाने सतरा पावलांत चालायचं म्हणजे पिंजऱ्यातल्या वाघाची नक्कल, असं त्याला वाटलं. पण सांगणारा मेहुणा होता आणि दारात मशीन थांबवून बायको बघत होती, तेव्हा त्याने चपला घातल्या आणि सुरुवात केली. खिडकी ते दार, दार ते खिडकी. पहिले दोन दिवस चक्कर आली. तिसऱ्या दिवशी चालता चालता लक्षात आलं की गेली दहा मिनिटं आपण कशाचाच विचार केलेला नाही. त्या रात्री तो पाच तास सलग झोपला. आठवडाभरात घास उतरायला लागला. एका संध्याकाळी टेबलाच्या कोपऱ्याशी तो तिरका होताना मुलीने न बोलता खुर्ची आत ओढून वाट मोकळी केली. त्याला एवढं बरं वाटलं की तो मुद्दाम पाच फेऱ्या जास्त चालला.

गाडी अशी रुळावर येत होती, तेवढ्यात टण् टण् सुरू झालं.

चालता चालता तो पाणी प्यायला थांबला होता. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पाइपवर खालून कुणीतरी दोनदा ठोकलं. दुसऱ्या दिवशी फोन आला म्हणून थांबला, तर पुन्हा टण् टण्. इमारतीच्या तळाला नुसती गाड्यांची जागा होती आणि त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, एकच घर होतं. ते होतं कवायतीच्या बाईंचं.

कवायतीच्या बाई म्हणजे एका मुलींच्या शाळेतल्या निवृत्त व्यायामशिक्षिका. सत्तरी उलटलेली, एकटं घर, पाठ सरळ, आवाज असा की जिन्यात खोकल्या तरी माणूस सावधान उभा राहील. त्यांचं आणि मीटर रीडरचं चार वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्याला कारण तोच होता. इमारतीचे सगळे मीटर जिन्याखालच्या फळीवर होते आणि रीडिंग त्याच्याच वाट्याला होतं. सगळ्यांचे महिन्याला दोनशेच्या घरात युनिट, बाईंचे पन्नास. सलग तीन महिने पन्नास. त्याने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मीटर संशयास्पद'. तपासणीचं पथक आलं, भर दुपारी सगळ्यांच्या देखत बाईंचा मीटर उतरवून नेला, दोन दिवस त्या अंधारात बसल्या. मीटर निर्दोष निघाला. बाईंच्या घरी एक छोटा फ्रीज, एक पंखा, एक दिवा आणि आंघोळीपुरता गीझर, एवढंच होतं. माणूस इतक्या कमीत राहू शकतो हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. माफी मागायला तो दोनदा त्यांच्या दाराशी गेला आणि दोन्ही वेळा 'नियमच तसा आहे' असं स्वतःला समजावत परत आला.

"राग काढतेय म्हातारी," तो बायकोला म्हणाला. "चार वर्षं दबा धरून बसली होती."

"अहो, तुमच्या चपला वाजत असतील. वयस्कर माणूस, त्रास होत असेल."

"त्रास होतो तर मी चालताना ठोकायला पाहिजे ना. ही मी थांबलो की ठोकते. म्हणजे कसं, तर थांबलास एकदाचा, सुटले बाई. टोमणा आहे तो."

बायकोला हे पटलं नाही, पण मास्कचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता म्हणून तिने वाद वाढवला नाही. तो मात्र पेटला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मधेच थांबला. टण् टण्. त्याने टाच तीनदा जमिनीवर आपटली. खालून पुन्हा टण् टण्, आणि या वेळी जरा जोरात. बारा दिवस हे असं चाललं. मग सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आला: 'काही घरांतून आवाजाच्या तक्रारी येत आहेत. कृपया सहकार्य करावे.'

"झालं समाधान," तो म्हणाला. त्याने चपला काढून कपाटाच्या वर फेकल्या. "घे म्हणावं, झोप आता निवांत."

त्याने चालणं बंद केलं. सूड बाईंवर उगवला होता आणि भोगत तो स्वतः होता. तिसऱ्या दिवशी झोप गेली, चौथ्या दिवशी मांडी हलायला लागली. सहाव्या दिवशी मुलगी पेन्सिल आपटायला लागली आणि त्याच्याकडे बघून मधेच थांबली. ते थांबणं त्याला जिव्हारी लागलं. पोर आपल्याला घाबरते. तो बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. बायकोने मशीन थांबवलं.

"पुन्हा सुरू करा चालणं. मी जाऊन बोलते त्यांच्याशी."

"तू नाही जायचंस."

"मग तुम्ही जा."

"मी मेलो तरी जाणार नाही."

"तेच चाललंय," बायको म्हणाली आणि पुन्हा मशीनवर बसली.

घराबाहेर पडायचं एकच निमित्त उरलं होतं. सकाळी कचरा फाटकापाशी ठेवायला जाणं. येताना जिन्याखाली मीटरच्या फळीसमोर तो दोन मिनिटं उभा राहायचा. बारा मीटर, बारा लाल दिवे उघडझाप करणारे. कुणी सांगितलेलं नसताना तो रोज आकडे डायरीत उतरवायचा, हाताला खाज सुटायची म्हणून. आकड्यावरून घर कळतं असा त्याचा दावा होता. तिसऱ्या मजल्यावरची पोरं दिवसभर टीव्ही बघतात, चौथ्यावर केकचं खूळ शिरलंय, समोरचे नवरा-बायको आता वेगवेगळ्या खोल्यांत पंखा लावून झोपतात. बाईंच्या मीटरकडे मात्र चालणं सोडल्यापासून त्याने मुद्दाम पाहिलं नव्हतं. डायरीत ती ओळ नऊ दिवस कोरी होती.

नवव्या दिवशी नजर गेलीच. त्याने आकडा वाचला, डायरीतला जुना आकडा काढला, वजा केला. सात. नऊ दिवसांत सात युनिट. बाईंना एरवी पंधरा तरी लागत, एवढं त्याला पाठ होतं.

मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर तेच जुनं. मीटर संशयास्पद. शब्द आले आणि त्याची कानशिलं तापली. तो फळीसमोर तसाच उभा राहिला आणि या वेळी त्याने आकडा नीट वाचला. दिवसाला पाऊण युनिट म्हणजे नुसता फ्रीज. म्हणजे पंखा नाही, या उकाड्यात. दिवा नाही. गीझर नाही, म्हणजे आंघोळ नाही. रखवालदार रोज दाराशी दूध ठेवत होता आणि ते आत जात होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं. आणि हे सुरू कधी झालं? डायरी बघायची गरज नव्हती. पाइप ठोकणं कधी थांबलं ते त्याला ठाऊक होतं.

तो दोन-दोन पायऱ्या टाकत पहिल्या मजल्यावर आला आणि त्याने बेल दाबली. बराच वेळ काही नाही. मग आतून, फार लांबून आल्यासारखा आवाज आला. "कोण?"

"मी. वरचा."

मग काठी टेकल्याचा आवाज, जरा थांबून पुन्हा काठी. खिडकीपासून दारापर्यंत सतरा पावलं असणार, त्याच्या घरासारखीच. त्याने मोजलं. एकेचाळीस लागली. आतलं दार उघडलं, जाळीचं दार बंदच राहिलं. बाईंचे केस विंचरलेले नव्हते. चार वर्षांत त्याने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मीटर बघायला आलात?" बाई म्हणाल्या.

"नाही. तुम्हाला बघायला."

"बघा." त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "नऊ दिवस कुठे होता?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "घरीच. कुठे जाणार?"

"मग चालणं का सोडलंत?"

"तुम्ही पाइपवर काठी आपटत होतात म्हणून."

"तुम्ही थांबलात की आपटत होते," बाई म्हणाल्या. "चालताना एकदा तरी आपटली का? आठवा. आकडे लिहिता ना तुम्ही, लक्षात असायला पाहिजे."

त्याने आठवलं. पाणी प्यायला थांबला तेव्हा. फोन घेतला तेव्हा. मुद्दाम थांबला तेव्हा. चालताना एकदाही नाही.

"आणि ती तक्रार?"

"कसली तक्रार? ती चौथ्या मजल्यावरच्या पोरांबद्दल. घरात दोरीवरच्या उड्या मारतात. चांगलं करतात." बाईंना दम लागला होता. दारालगतच्या स्टुलावर त्या टेकल्या आणि मग एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. लॉकडाऊनच्या महिनाभर आधी खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, तिचं येणं बंद झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ चालायचं, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा. "तीस वर्षं मुलींना मैदानावर पळवलं मी. आणि एकटीला चार पावलं टाकता येईनात. एकटं चाललं की प्रत्येक पाऊल मोजलं जातं, आणि मोजलं की पडायची भीती वाटते. मग तुम्ही वर चालायला लागलात. पाऊल ऐकू आलं की माझं पाऊल आपोआप पडायचं. तुमची वेग धरायची पद्धत चांगली आहे. टेबलापाशी अडखळता तेवढं सोडून. तुम्ही थांबलात आणि मी पलंग धरला, दुधापुरती काय ती उठते."

"मग हाक का नाही मारलीत? निरोप द्यायचा."

"तुम्हाला?" बाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात चार वर्षांपूर्वीची ती दुपार सगळी आली.

तो म्हणाला, "चुकलं माझं. तेव्हाही आणि आताही. मला वाटलं तुम्ही तो राग काढताय."

"राग आहेच. राग वेगळा, चालणं वेगळं. किती वाजले?"

"पावणेआठ."

"सात-पस्तीसला सुरू करायचात. उशीर झालाय."

तो वर आला तो थेट कपाटाकडे गेला. बायकोला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. चपला हाताशी येईनात तेव्हा ती उठली, दारामागचे त्याचे कामाचे बूट घेऊन मोरीत गेली आणि तळ खसाखसा धुऊन आणले. "हे घाला. चपलांनी काय ऐकू जाणार आहे." घरात बूट घालून चालणारा माणूस तिने आयुष्यात खपवून घेतला नसता. मुलीने टेबल भिंतीकडे सरकवून दिलं.

त्या दिवशी दहाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पंधरा. थांबायचं नाही हे त्याला आता ठाऊक होतं, पण मधूनमधून तो मुद्दाम थांबायचा आणि श्वास रोखून पाइपकडे बघायचा. टण् टण् झालं की पुढे निघायचा. चारेक दिवसांनी बाईंच्या मीटरने दिवसाला पावणेदोन युनिट दाखवलं आणि त्याने ती ओळ डायरीत दोनदा गिरवली. झोप परत आली. मुलगी पेन्सिल आपटायला लागली, तो बुटांनी ताल धरू लागला. तरीही आतली तगमग पुरती गेली नव्हती. खिडकीशी वळताना दिसणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडे बघून त्याच्या पोटरीचे स्नायू वळवळायचे. आपल्याला बाहेर सोडलं तर आपण धावतच सुटू, असं तो बायकोला म्हणायचा.

तीनेक आठवड्यांनी सोडलं. संध्याकाळी कंपनीचा निरोप आला की उद्यापासून रीडिंग सुरू. जिन्याची बंदीही त्याच आठवड्यात उठली होती. सकाळी सातलाच तो तयार होता. बूट, मास्क, खांद्याला पिशवी. छाती आनंदाने धडधडत होती. सात-पस्तीस कधी झाले ते त्याच्या ध्यानातही आलं नाही, पिशवीत पाण्याची बाटली कोंबत तो दाराशी पोचला होता. तेवढ्यात ठोकल्याचा आवाज आला.

त्याने सवयीने पाइपकडे पाहिलं. आवाज तिथून आला नव्हता. दारावरून आला होता.

दार उघडलं तर बाई. मास्क लावलेला, केस चापून विंचरलेले, एक हात काठीवर आणि दुसरा कठड्यावर. कपाळावर घाम होता आणि बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यांच्या मागे, खाली, जिना वळत गेलेला दिसत होता.

"अठरा पायऱ्या," त्या म्हणाल्या. "लिहा."

आज आपण चाललोच नाही, विसरलो, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने डायरी काढली, कोऱ्या पानावर तारीख घातली आणि अठरा लिहिलं. त्या दिवसाचं पहिलं रीडिंग.

"कामावर निघालात ना? मग उभे काय? निघा," बाई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आला. "चढताना काही वाटलं नाही. उतरायची भीती वाटते. पुढे चला, मला पाऊल ऐकू द्या."

रस्ता खाली होता, उन्हात, रिकामा, अडीच महिने वाट बघायला लावलेला. वरून खाली ही तर त्याची रीतच होती, शीळ घालत उतरायची. त्याने पिशवी खांद्यावर नीट घेतली, बूट वाजेल असा पहिल्या पायरीवर टेकला आणि मागे काठी टेकल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभा राहिला. मग दुसरी पायरी.